पाटलाची बाटली



आकाशवाणीच्या निर्मात्यांचा फोन आला तेव्हा मी घरी मेथी निवडत बसलो होतो. पाहुणचारावर भाषणमाला चालू आहे, त्यात वाइनच्या रीतिरिवाजावर तुम्ही बोला, असं ते म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, चुकीचा नंबर लागला. मी मुसलमान माणूस. आयुष्यात थेंब घेतलेला नाही." ते म्हणाले, "तुमच्या गझलांत तर पेल्यांवर पेले आहेत." यावर मला उत्तर सुचलं नाही. म्हणून आज आपल्यासमोर आहे.

गझलेतली दारू हा एक वेगळाच धंदा आहे. तिथे दुकानाला लायसन्स लागत नाही आणि पिणाऱ्याला परवाना लागत नाही. उर्दूत रियाज खैराबादी नावाचे मोठे शायर होऊन गेले. १९३४ साली ते वारले. त्यांची शायरी दारूच्या वर्णनानं ओथंबलेली, आणि स्वतः मात्र त्यांनी कधी घेतली नाही, असं सांगतात. मराठीत गझल रुजवली ती माधव ज्यूलियनांनी. ते फारसीचे प्राध्यापक. खय्यामच्या रुबाया त्यांनी मूळ फारसीवरून मराठीत आणल्या. आपल्या जुन्या संगीत नाटकांत तर साकी हे एका वृत्ताचंच नाव आहे. साकी आणि दिंडी ही दोन्ही आपली मंडळी मांडीला मांडी लावून ऐकत होती. कुणाचं काही बिघडलं नाही.

या साकीचा एक गुण मला फार आवडतो. तो मैफिलीतल्या प्रत्येकाचं 'जर्फ' बघून ओततो. जर्फ म्हणजे भांडं, आणि जर्फ म्हणजे माणसाची कुवतही. कुणाला किती द्यायचं आणि कुणाला द्यायचंच नाही, हे ओळखणारा तो साकी. यजमानाचं काम याहून फार निराळं नसतं.

आता मी जे सांगणार आहे ते शायरीतलं नाही. ते मला शिकवलं माझ्या मित्राच्या मुलीनं. मित्र निफाड तालुक्यातला द्राक्षबागाईतदार. मी त्याला पाटील म्हणतो, तो मला शायर म्हणतो. एका वर्गात शिकलो. माझे अब्बा सुतार. हंगामात द्राक्षाच्या लाकडी पेट्या ठोकायचे. त्या पेट्यांत पाटलांच्या बागेतला माल भरला जायचा. कॉलेजलाही आम्ही बरोबरच गेलो. मी बी. ए. झालो, तो दुसऱ्या वर्षाला सोडून बागेत गेला. त्याची मुलगी आता गंगापूर धरणाच्या बाजूला एका वायनरीत पाहुण्यांना वाइनची चव दाखवण्याचं काम करते. मला चाचा म्हणते.

तिनं पहिल्याच दिवशी माझा एक गैरसमज काढला. ग्लास एकतृतीयांशच भरायचा, हे पाहून मला वाटलं होतं की ही श्रीमंतांची कंजुषी असावी. ती म्हणाली, "चाचा, वास फिरायला जागा लागते. चहाचा कप नाही तो काठोकाठ भरायला." ग्लास धरायचा तो खालच्या दांडीला. पेल्याला पंजा लावला की हाताची ऊब आत जाते, आणि गार वाइन कोमट होते. कुणी ओतायला आलं तर ग्लास उचलून पुढे करायचा नाही, टेबलावरच राहू द्यायचा. यजमानानं आधी पाहुण्यांना ओतायचं, शेवटी स्वतःला. आणि यजमान ग्लास उचलत नाही तोवर पाहुण्यानं तोंडाला लावायचा नाही. ही शेवटची गोष्ट मला ओळखीची वाटली. आमच्याकडे दस्तरखानावर थोरांनी घास घेतल्याशिवाय लहानांनी हात घालायचा नसतो.

हॉटेलात वेटर बाटली उघडतो आणि ज्यानं मागवली त्याच्या ग्लासात घोटभर ओततो. मग तो माणूस डोळे मिटून, मान डोलावून असा काही अभिनय करतो की बालगंधर्वांची तान ऐकतो आहे असं वाटावं. त्याला चव आवडली की नाही हे तिथे कुणी विचारलेलं नसतं. बाटली खराब झालेली नाही ना, एवढंच बघायचं असतं. कधी कधी बुचाच्या दोषानं वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास लागतो. तसा आला तर परत करायची. चांगली असेल तर मान हलवायची आणि गप्पांना लागायचं. घरी हे काम यजमानानं स्वयंपाकघरातच उरकलेलं बरं. आपल्याकडच्या पुष्कळ बाटल्यांना आता बुचाऐवजी फिरकीचं झाकण असतं. ते पाहून कुणी नाक मुरडू नये. त्यात कमीपणा काही नाही, उलट उघडायला सोपं.

तापमानाचंही तसंच. पांढरी आणि फसफसणारी वाइन फ्रीजमध्ये दोन-तीन तास ठेवून चांगली गार द्यायची, हे लोकांना माहीत असतं. तांबडी 'खोलीच्या तापमानाला' द्यायची, हेही कुठेतरी वाचलेलं असतं. पण ती खोली युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. आमच्या निफाडची थंडी दरवर्षी पेपरात छापून येते हे खरं, पण एप्रिलमध्ये त्याच निफाडात पत्र्याखाली बसवत नाही. तेव्हा तांबडी बाटलीही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी. जेवण तिखट असेल तर तांबडीतला तुरटपणा आणि मिरची मिळून तोंडात आग लावतात. तिथे शेनिन ब्लांसारखी किंचित गोडसर पांढरी बरी. हे मी तिच्या शब्दावर सांगतो आहे. मला ठेचा आणि ताक एवढंच कळतं.

हिशेब सोपा आहे. एका बाटलीत ७५० मिलिलिटर असते, तिचे साधारण पाच ग्लास होतात. सहा पाहुण्यांना दोन-दोन ग्लास धरले तर तीन बाटल्या पुरून उरतात. आणि हो, आदल्या दिवशी कॅलेंडर बघा. ड्राय डेला दुकानं बंद असतात. आपल्या राज्यात १९४९चा दारूबंदी कायदा अजून पुस्तकात आहे आणि पिणाऱ्याला परवाना लागतो, हे पिणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असतं कुणास ठाऊक. गाडी चालवत घरी जाणार असेल त्याच्या ग्लासात ओतू नये. त्यानं मागितली तरी ओतू नये. यात भिडेला जागा नाही.

आता मुद्द्याचं बोलतो. आपण मराठी माणसं आग्रहात वाढलेलो. पुरणपोळी असो, आमरस असो, "आणखी एक, माझ्या गळ्याची शपथ" म्हटल्याशिवाय वाढणाऱ्याचं समाधान होत नाही. पंगतीत आग्रह करणं हा सद्गुण. आमच्याकडेही बिर्याणीच्या वेळी तेच. जिलबीच्या आग्रहानं फार तर पोट बिघडतं. तोच हात, तीच सवय वाइनच्या बाटलीकडे गेली की घात होतो. पोरीनं मला सांगितलं की बोलण्यात गुंतलेल्या पाहुण्याचा ग्लास न विचारता भरू नये. का? तर आपण किती घेतली याची मोजदाद त्याच्याकडून सुटते. किती बारीक विचार आहे हा!

आणि जो घेत नाही त्याला कसं विचारायचं? "तुम्ही घेत नाही ना?" असं विचारू नये. त्यानं माणूस वेगळा बसवला जातो. "काय आणू? वाइन, सरबत, की साधं पाणी?" असं एका दमात, एका सुरात विचारावं. तो जे म्हणेल ते आणावं आणि पुढचा प्रश्न विचारू नये. का घेत नाही, ही चौकशी करण्याचा हक्क यजमानाला नाही. निफाडकडे गावोगावी माळकरी आहेत, गळ्यात तुळशीची माळ आहे म्हणून ते शिवत नाहीत. कुणाची औषधं चालू असतात. एखाद्या सुनेला दिवस गेलेले असतात आणि घरात अजून सांगितलेलं नसतं. कुणी मोठ्या कष्टानं व्यसनातून बाहेर आलेला असतो, आणि चारचौघांत कारण सांगायला लावणं म्हणजे त्याची खपली काढणं. माझ्यासारख्याचं कारण तर नावातच दिसतं, तरी लोक विचारतात. "शायर असून?" हा प्रश्न मी किमान शंभर वेळा ऐकला असेल.

पाहुण्याचंही एक काम आहे. "नको, सरबत चालेल" एवढं एकदा म्हणावं आणि थांबावं. ग्लास पालथा घालू नये, तोंड वाकडं करू नये, आणि प्रवचन तर अजिबात देऊ नये. आमच्यातले काही लोक मानतात की ज्या दस्तरखानावर दारू फिरते तिथे बसूच नये. अब्बा त्याच मताचे होते. मी बसतो. त्याचा हिशेब मी वर देईन.

हे सगळं शहाणपण मला आता आहे. २००५ साली नव्हतं.

त्या वर्षी उन्हाळ्यात एका कविसंमेलनानंतर संयोजकांपैकी एकाच्या बंगल्यावर जेवण होतं. बाटल्या होत्या. मी कोपऱ्यात थंड पेय घेऊन बसलो होतो. उठून हात धुवून आलो, ग्लास तोंडाजवळ नेला, तर वास वेगळा. समोरचे तिघे हसू दाबत होते. गंमत केली म्हणे. मी ग्लास ठेवला, चपला घातल्या आणि रात्री एक वाजता तीन किलोमीटर चालत लॉजवर आलो. त्या ग्लासात काय होतं ते विचारलं नाही. घरीही कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. पण ते आत साचून राहिलं.

पाटलानं त्याच्या थोडं आधी, २००३ साली, चिंचेकडच्या दोन एकरांत वाइनची द्राक्षं लावली होती. तेव्हा नाशिकमध्ये तीच हवा होती. राजीव सामंतांनी आईच्या, सुलभाताईंच्या, नावावरून 'सुला' काढली होती, २००० साली तिच्या पहिल्या बाटल्या आल्या होत्या. २००१ साली सरकारनं द्राक्ष-वाइनचं धोरण जाहीर केलं होतं. जिल्ह्यातल्या एका वायनरीशी पाटलानं करार केला. ही द्राक्षं खायची नव्हेत. मणी बारीक, साल जाड, आत बिया. मी एकदा घड तोंडात टाकला तर तो म्हणाला, "शायर, ती तुझ्या कामाची नाहीत." २००५च्या फेब्रुवारीत त्याचा पहिला माल गेला.

त्या वर्षी दिवाळी आणि रमजान ईद एकाच आठवड्यात आल्या होत्या. दरवर्षी पाटील ईदला फराळाचा डबा घेऊन यायचा आणि शीरखुर्म्याचा डबा घेऊन जायचा. त्या ईदला बैठकीत अब्बा, मामू आणि मोहल्ल्यातले दोन बुजुर्ग बसले होते. पाटील मोटारसायकलवरून उतरला. एका हातात डबा, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. ओट्यावरूनच म्हणाला, "शायर, पहिली बाटली. आपल्या चिंचेकडच्या प्लॉटची."

त्याचा चेहरा मला आजही दिसतो. पोरगा पहिला आला म्हणून पेढे घेऊन आलेल्या बापाचा असतो तसा. आणि मी, आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "हे असलं माझ्या उंबऱ्याच्या आत आणायचं नाही."

तो काही बोलला नाही. बाटली परत गाडीच्या डिकीत ठेवली. डबा ओट्यावर ठेवला. आत येऊन अब्बांना ईद मुबारक म्हणाला, अर्धी वाटी शीरखुर्मा खाल्ला आणि गेला. आपला डबा न भरता गेला.

मला वाटलं, अब्बा शाबासकी देतील. सगळे गेल्यावर ते म्हणाले, "बाटली परत पाठवायची होतीस. त्याला कशाला पाठवलंस?" आमच्या घरातला सगळ्यांत कडक माणूस हे म्हणत होता. मग म्हणाले, "बाहेर जायचं. त्याच्या गाडीपाशी उभं राहायचं. बघायची, किती मण माल झाला ते विचारायचं, आणि म्हणायचं, ही तुझ्याच घरी शोभते."

पोरीला मी हे सांगितलं तेव्हा तिनं आधी बापालाच चूक ठरवलं. ज्या घरात घेतात की नाही हे पक्कं माहीत नाही, तिथे बाटली भेट नेऊच नये. माहीत असेल तर नेताना उघडण्याची अपेक्षा धरू नये. यजमानानं जेवणासाठी स्वतःची निवड केलेली असते. त्यानं आभार मानून बाटली बाजूला ठेवली तर पाहुण्यानं फुगू नये. हा झाला नियम. पण पाटलाला माझ्या घरचं माहीत नव्हतं असं थोडंच होतं! त्यानं ती मला प्यायला आणलीच नव्हती. दाखवायला आणली होती. हे समजायला मला चार वर्षं लागली.

चार वर्षं आम्ही रस्त्यात भेटलो तर हात वर करायचो, एवढंच. ना ईदला तो आला, ना दिवाळीला मी गेलो. मग २००८-०९ची मंदी आली. हॉटेलांतला खप आटला, वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्या राहिल्या, कराराची द्राक्षं कुणी उचलेना. बाजारात नेऊन विकावीत तर ही खायची द्राक्षं नव्हेत. आमच्या भागात कितीतरी जणांनी वेली उपटल्या. पाटलाची वायनरीही मागे फिरली. मला हे अब्बांकडून कळलं. ते म्हणाले, "जाऊन ये."

मी गेलो तेव्हा मंडपाच्या तारा काढून झाल्या होत्या आणि वेली बांधाला ढीग करून ठेवल्या होत्या. मी बांधावर बसलो. काय बोलावं सुचेना. दहा मिनिटांनी तोच म्हणाला, "ये, शायर. आता माझ्याकडे बाटली नाही. घाबरू नकोस." मी हसलो नाही. त्या उन्हाळ्यात संमेलनातल्या बंगल्यावर काय झालं होतं ते त्याला सांगितलं. तो पहिला माणूस, ज्याला मी ते सांगितलं. तो म्हणाला, "त्याचा राग माझ्यावर काढलास होय?" मी म्हटलं, "होय." मग त्यानं मोठ्यानं एक शिवी दिली, ती रेडिओवर सांगता येत नाही. ती मला होती की त्या तिघांना, हे मी अजून विचारलेलं नाही.

त्या दोन एकरांत आता थॉम्सन आहे. अब्बा २०११ साली गेले. खांदा द्यायला पाटील होता.

गेल्या हिवाळ्यात, छाटणीची कामं उरकल्यावर, पाटलाच्या घरी जेवण होतं. मुलीच्या वायनरीतले दोघं-तिघं पाहुणे होते. टेबलावर सगळ्यांपुढे सारखेच ग्लास मांडले होते, दांडीचे. माझ्यापुढेही तोच. तिनं सगळ्यांना वाइन ओतली आणि माझ्या ग्लासात गार केलेला द्राक्षाचा रस, तोही एकतृतीयांशच. वहिनी म्हणाल्या, "अगं, चाचांना भरून दे की." पोरगी म्हणाली, "आई, रीत म्हणजे रीत." पाहुण्यांपैकी कुणाला कळलंही नाही की माझ्या ग्लासात वेगळं काही आहे. इतक्या वर्षांत असल्या टेबलावर मला पहिल्यांदाच हातांचं काय करावं असा प्रश्न पडला नाही.

जेवण झाल्यावर पाटलानं आतल्या कपाटातून एक बाटली आणली आणि माझ्या हातात दिली. तीच ती. २००५ची. पुढच्या लेबलवर कंपनीचं नाव. मागच्या लेबलवर, कोपऱ्यात, निळ्या बॉलपेननं लिहिलेला गट नंबर. शेतकऱ्याचं नाव बाटलीवर छापत नाहीत, म्हणून त्यानं स्वतःच लिहिलं होतं. त्या दिवशी दारात मी वर्तमानपत्र उलगडू दिलं असतं तर तेव्हाच दिसलं असतं.

पोरीनं बाटली दिव्यासमोर धरली. "बाबा, ही कधीच गेली. पांढरी असली वाइन दोन-तीन वर्षांत संपवायची असते. बघा, कशी तपकिरी झालीये."

पाटील म्हणाला, "म्हणजे सिरका झाला?"

मी म्हटलं, "सिरका झाला असेल तर मला चालतो." ते सगळे माझ्याकडे बघू लागले. मी सांगितलं की दारूचा आपणहून सिरका झाला तर तो हलाल, याबद्दल आमच्या उलेमांत दुमत नाही. आमच्या हनफी मताप्रमाणे तर मुद्दाम केलेलाही चालतो. आणि सिरका हे चांगलं तोंडीलावणं, असं हदीसमध्येही आहे.

पोरगी म्हणाली, "बंद बाटलीत सिरका होत नाही चाचा. हवा लागावी लागते. ही नुसती विटलीये."

पाटील उठला. स्वयंपाकघरातून स्क्रू आणला आणि वीस वर्षं जपलेल्या बाटलीचं बूच काढलं. निम्मं बूच तुटून आत पडलं. वाइन फडक्यातून एका रुंद तोंडाच्या बरणीत गाळली, वर मलमल बांधली, आणि बरणी फडताळात ठेवली. चिठ्ठी लावायला कागद शोधू लागला. मी माझ्या खिशातलं पेन काढलं आणि बरणीवर गट नंबर लिहिला.

"ईदपर्यंत होईल का रे?" त्यानं विचारलं.

पोरगी म्हणाली, "झाला तर झाला. मलमल मात्र काढू नका."